दुकानापुढच्या पडवीचे छप्पर: पत्रा, कौल की जाळी?

आपल्याकडील बहुतेक छोटे धंदे चार भिंतींच्या आत मावत नाहीत. फर्निचरवाल्याचे रंधा मारणे आणि पॉलिश, गॅरेजवाल्याची दुरुस्ती, फॅब्रिकेशनवाल्याचे वेल्डिंग, भांडीवाल्याची मांडणी, टेलरचे काज-बटण आणि कापडवाल्याचे गठ्ठे सोडणे ही सारी कामे दारापुढच्या दहा-बारा फुटांच्या पडवीतच होतात. कामाचे निम्मे तास आपण आणि आपले कारागीर तिथेच असतो. तरीही दुकानाच्या आतल्या शोकेसवर महिनाभर विचार करणारा मालक पडवीचे छप्पर एका दिवसात उरकून टाकतो. बाजारात जो पत्रा स्वस्त मिळाला तो आणायचा आणि वेल्डरला सांगायचे की, दोन पाईप उभे कर.

याची किंमत पुढे मोजावी लागते. मे महिन्यात त्या छपराखाली उभे राहवत नाही, जूनमध्ये भिंतीच्या कडेने पाणी आत उतरते आणि एखाद्या वादळात सारा पत्राच शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो. म्हणून छप्पर घालण्यापूर्वी कोणत्या गोष्टींचा विचार करावा, कोणता माल कोणत्या कामाला योग्य, आणि मजबुतीचा हिशेब कसा मांडावा, याची माहिती येथे देत आहोत.

आधी दिशा पाहा

छपराचा माल निवडण्यापूर्वी दुकानाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहावे. महाराष्ट्र साधारण १६ ते २२ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे. त्यामुळे मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. ऐन उन्हाळ्यात दुपारची उष्णता सरळ छपरावरच पडते. त्या वेळी छप्पर कशाचे आहे, यालाच महत्त्व असते.

दुकान दक्षिणाभिमुख असेल तर काम सोपे आहे. उन्हाळ्यात चार-पाच फुटांचे छप्परही दारावर पुरेशी सावली धरते. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला कलतो आणि मुंबईच्या अक्षांशावर क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. तेव्हा आठ फूट उंचीच्या वळचणीखालून ऊन सात फुटांपर्यंत आत येते. थंडीच्या दिवसांत ते हवेच असते.

खरी अडचण पश्चिमाभिमुख दुकानांची आहे. एप्रिल महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून २५ ते ३० अंशांवर येतो. छपराची पुढची कड आठ फूट उंच असेल तर ऊन चौदा फूट आणि त्याहून आत पोहोचते. म्हणजे दहा फुटांची पडवी ओलांडून ते दुकानातल्या मालावर पडते. कितीही महाग पत्रा घातला तरी हे ऊन थांबत नाही. ते अडवायला उभा आडोसाच लागतो. बांबूच्या चिका, गुंडाळता येणारा जाड कापडाचा पडदा, शेडनेटची उभी पट्टी किंवा तारेवर चढवलेली मधुमालतीची वेल, यांपैकी काहीही चालते. छपरासाठी ठरवलेल्या पैशांतला काही भाग या आडोशासाठी आधीच बाजूला ठेवावा. पूर्वाभिमुख दुकानाला हाच त्रास सकाळी होतो, पण सकाळची हवा थंड असल्याने तो सोसवतो. उत्तराभिमुख पडवी सर्वांत सुखाची. तिथे दिवसभर सारखा, डोळ्यांना न दिपवणारा उजेड मिळतो. शिवणकाम, जरीकाम, घड्याळदुरुस्ती यांसाठी ती उत्तम.

लोखंडी पत्रा

सर्वांत जास्त वापर जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याचा, म्हणजे जीआय पत्र्याचा होतो. तो हलका असतो, पटकन बसतो आणि पुन्हा काढून दुसरीकडे वापरता येतो. मात्र तो विकत घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. पत्र्याची जाडी किती आणि जस्ताचा थर किती. जस्ताचा थर दर चौरस मीटरला किती ग्रॅम, या मापात सांगतात आणि त्यात दोन्ही बाजू धरलेल्या असतात. १२० ग्रॅमचा पत्रा दिसायला २७५ ग्रॅमच्या पत्र्यासारखाच चमकतो, पण गंज पकडतो लवकर. समुद्राच्या खाऱ्या हवेत तर हा फरक फार लवकर दिसून येतो.

हल्ली जस्त आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्र थराचा पत्राही सर्रास मिळतो. त्या थरात सुमारे ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३ टक्क्यांहून थोडे अधिक जस्त आणि दीड टक्क्याच्या आसपास सिलिकॉन असते. साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा तो बहुतेक ठिकाणी जास्त टिकतो. मात्र ओल्या सिमेंटचा आणि तांब्यावरून ओघळणाऱ्या पाण्याचा त्याला त्रास होतो. गवंडीकाम आणि पत्रा एकाच दिवशी करू नये. भिंतीचा गिलावा सुकल्यावरच पत्रा चढवावा. गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या शेडवरही हा पत्रा टाळावा, कारण तिथल्या अमोनियाने तो खराब होतो.

जाडीच्या बाबतीत गिऱ्हाईक हमखास फसते. रंगीत पत्र्यावर सांगितलेली जाडी पुष्कळदा रंग आणि थर धरून असते, आतले पोलाद त्याहून पातळ निघते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे तराजू. बाजारातला नालीदार पत्रा बहुधा १२२० मिलिमीटर रुंदीच्या सपाट पत्र्यापासून बनतो. तशा दहा फूट लांबीच्या पत्र्याचे वजन, जाडी अर्धा मिलिमीटर असेल तर साडेचौदा किलोच्या आसपास भरायला हवे. ०.४० मिलिमीटरचा पत्रा पावणेबारा किलो भरतो आणि ०.३५ चा सव्वादहा किलो. दुकानदाराने अर्धा मिलिमीटर सांगून काट्यावर सव्वादहा किलो भरले, तर काय समजायचे ते आपण जाणताच. जो व्यापारी स्वतः माप-तोलाला पक्का असतो, त्याने दुसऱ्याचा मालही तोलूनच घ्यावा, यात संकोच कसला?

पत्रा कापताना चक्कीचे ग्राइंडर वापरू देऊ नये. त्याच्या ठिणग्यांनी कडेचा थर जळतो आणि पत्र्यावर पडलेला लोखंडाचा कीस पहिल्याच पावसात गंजून तांबडे डाग पाडतो. पत्रा कात्रीने कापावा आणि काम झाल्यावर वरचा कीस झाडून घ्यावा.

पत्र्याचे दोन दोष सर्वांना ठाऊक आहेत, उष्णता आणि आवाज. कोरा पत्रा चकचकीत असल्यामुळे थंड राहील असे वाटते, पण तसे होत नाही. चकचकीत धातू ऊन काही प्रमाणात परतवतो हे खरे, मात्र जी उष्णता शोषली गेली ती तो लवकर बाहेर सोडत नाही. म्हणून तो तापतच राहतो. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि उष्णताही सोडतो. शेजारच्या गुजरातेत अहमदाबाद शहराने २०१० सालच्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाची योजना आखली आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. आपल्याकडे चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तिथे निळा, हिरवा किंवा विटकरी रंगाचा पत्रा घेण्यापेक्षा पांढरा किंवा फिक्कट रंगाचा घेणे शहाणपणाचे. जुना पत्रा असेल तर पत्र्यासाठीच असलेला पांढरा परावर्तक रंग द्यावा. चुना पत्र्यावर धरत नाही आणि जस्तालाही मानवत नाही. तो कौलांवर आणि सिमेंटच्या पत्र्यावर ठीक.

पत्र्याखाली सहा इंचांची मोकळी जागा सोडून बांबूच्या तट्ट्या किंवा चटया बांधल्या तर उष्णता पुष्कळ कमी होते. मधल्या पोकळीची दोन्ही टोके उघडी ठेवावीत, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. पावसाचा आवाजही यामुळे मंदावतो. पैसे असतील तर दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तयार पॅनेल मिळते. ते महाग पडते, पण जिथे दिवसभर दहा माणसे बसून काम करतात तिथे ते परवडते.

सिमेंटचा पत्रा

सिमेंटचा पत्रा गंजत नाही, पावसात वाजत नाही आणि लोखंडापेक्षा कमी तापतो. म्हणून मालेगाव-भिवंडीपासून खेड्यातल्या गोदामापर्यंत तो सर्वत्र दिसतो. पण या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, हे विसरून चालणार नाही. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगाला कारण ठरतात, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर बंदी आहे आणि अमेरिकेनेही २०२४ मध्ये उरलेल्या प्रकारावर बंदी जाहीर केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याविषयी महत्त्वाचा निकाल दिला. तरीही भारतात हे पत्रे आजही विकले जातात.

छपरावर शांतपणे बसलेला धड पत्रा फारसा धोका करत नाही. धोका असतो तो कापताना, भोक पाडताना, फोडताना आणि झाडताना उडणाऱ्या धुळीचा. ती धूळ फुप्फुसात बसते आणि आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी उमटतो. तोपर्यंत काम करणाऱ्या पोराचा केस पांढरा झालेला असतो आणि कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून नवीन पडवीला हा पत्रा घालूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सिमेंटचाच पत्रा हवा असेल तर ॲस्बेस्टॉसविरहित पत्रे आता बाजारात मिळतात. तसे लेखी घेऊन ते खरेदी करावेत.

जुना पत्रा उतरवायचा असेल तर आधी त्यावर पाणी मारून तो ओला करावा. बोल्ट सोडवून अख्खा पत्रा खाली घ्यावा, हातोड्याने फोडू नये. तोंडावर साधा रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लागतो. खाली पडलेला चुरा कोरडा झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून जाड प्लास्टिकमध्ये बांधावा. तुटके तुकडे खड्डे भरायला किंवा अंगणात टाकायला देऊ नयेत, कारण तिथे मुले खेळतात. आणखी एक गोष्ट. या पत्र्यावर थेट पाय देऊन चढल्यामुळे पत्रा मोडून माणसे खाली पडतात. वर जायचेच असेल तर दोन पर्लिनवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरून चालावे.

कौले

कोकणातल्या वाचकांना कौलांची महती सांगायला नको. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथून समुद्रमार्गे ही कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली. समुद्राची खारी हवा कौलांचे काही बिघडवत नाही, फुटलेले एक कौल बदलता येते आणि सांध्यांतून हवा खेळती राहते.

पण पडवीला कौले घालताना दोन हिशेब करावे लागतात. एका चौरस मीटरला पंधरा-सोळा कौले लागतात आणि त्यांचे वजन चाळीस किलोच्या पुढे जाते, तर पत्र्याचे वजन जेमतेम साडेचार-पाच किलो असते. म्हणजे वासे, रीप आणि खांब सारे भक्कम हवे. दुसरे म्हणजे उतार. कौलांना दहा फुटांमागे पाच फूट तरी उतार हवा. दहा फूट खोल पडवीची पुढची कड आठ फुटांवर ठेवली, तर भिंतीकडची बाजू तेरा फुटांवर न्यावी लागेल. दुकानावर माडी असेल तर इतकी उंची मिळत नाही. कमी उतारावर घातलेली कौले वाऱ्याच्या पावसात हमखास गळतात. उंची आणि आधार दोन्ही असतील तरच कौले घालावीत.

पारदर्शक पत्रे

पॉलिकार्बोनेटचे पत्रे उजेड देतात आणि दिसायला छान दिसतात, म्हणून हल्ली त्यांची चलती आहे. पण संपूर्ण छप्पर त्यांचेच केले तर उजेडाबरोबर ऊनही आत येते आणि पडवीचा हमाम होतो. योग्य उपयोग असा की, सारे छप्पर साध्या पत्र्याचे करावे आणि मध्ये एखाद-दुसरी पारदर्शक पट्टी सोडावी. एकूण छपराच्या पाच ते दहा टक्के भाग पुरेसा होतो. दिवसा दिवे लावावे लागत नाहीत आणि विजेचे बिलही वाचते. फायबरचे पारदर्शक पत्रे स्वस्त असतात, मात्र उन्हाने लवकर पिवळे पडतात आणि त्यांचे तंतू वर येतात.

पॉलिकार्बोनेट बसवताना तीन चुका नेहमी होतात. पहिली चूक, पत्रा उलटा बसवणे. सूर्यकिरणांपासून बचाव करणारा थर बहुधा एकाच बाजूला असतो. ती बाजू वरच हवी. पत्र्यावरच्या कागदावर तसे छापलेले असते, म्हणून बसवेपर्यंत तो कागद काढू नये. दुसरी चूक, भोके घट्ट पाडणे. हा माल उन्हात पुष्कळ वाढतो. तीन मीटर लांबीचा पत्रा चाळीस अंशांच्या फरकाने जवळजवळ आठ मिलिमीटर वाढतो. भोक स्क्रूपेक्षा मोठे नसेल तर तो भोकापाशी चिरतो. तिसरी चूक, पोकळ पत्र्याची तोंडे उघडी ठेवणे. पोकळ्या उताराच्या दिशेने ठेवाव्यात. वरचे तोंड ॲल्युमिनियमच्या पट्टीने पूर्ण बंद करावे आणि खालच्या तोंडाला पाणी निथळेल अशी सच्छिद्र पट्टी लावावी. तसे केले नाही तर आत धूळ, किडे आणि शेवाळ साचते.

शेडनेट आणि ताडपत्री

ज्यांना फक्त चार महिने सावली हवी आहे, त्यांनी शेडनेटचा विचार करावा. ही जाळी ३५, ५०, ७५, ९० टक्के सावलीच्या मापात मिळते. माणसांना बसण्यासाठी ७५ किंवा ९० टक्क्यांची घ्यावी. जाळीतून हवा जाते, म्हणून तिच्याखाली पत्र्यापेक्षा सुखद वाटते. तापणाऱ्या पत्र्याच्या वर फूटभर उंचीवर जाळी ताणली तरी आतला ताप बराच उतरतो. जाळीतून पाऊस मात्र गळतो, हे ध्यानात ठेवावे.

कापड, साड्या, रंग किंवा टाइल विकणाऱ्यांनी हिरवी आणि निळी जाळी टाळावी. तिच्याखाली मालाचा रंग बदललेला दिसतो. गिऱ्हाईक घरी जाऊन पाहते तेव्हा रंग वेगळाच निघतो आणि माल परत येतो. काळी किंवा पांढरी जाळी बरी.

वेल्डिंग, भट्टी, तंदूर किंवा कढई जिथे आहे, तिथे जाळी आणि प्लास्टिकची ताडपत्री अजिबात वापरू नये. एक ठिणगी पुरे होते. पॉलिश आणि थिनरचे काम करणाऱ्या फर्निचरवाल्यांनी तर यात जरासुद्धा हयगय करू नये. अशा जागी लोखंडी पत्राच योग्य.

छप्पर पडत नाही, उडते

छप्पर घालताना आपण नेहमी विचार करतो की, ते वजनाने खाली तर येणार नाही ना? हलक्या पत्र्याच्या बाबतीत भीती उलटी आहे. तीन बाजूंनी उघड्या पडवीत वारा शिरतो, खालून ढकलतो आणि वरून ओढतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. तेव्हा अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत घरांची आणि दुकानांची छपरे उडाली. वाऱ्याचा वेग झोताला ताशी १२० किलोमीटरपर्यंत गेला होता.

आता हिशेब पाहा. या वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो होतो. वीस फूट लांब आणि दहा फूट खोल पडवी म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. तिच्यावर उचलणारा जोर सव्वा टनाच्या आसपास जातो. त्याच छपराच्या पत्र्याचे वजन मात्र शंभर किलोही नसते. बाकीचा जोर धरून ठेवायचा आहे तो खांब, पाया आणि बोल्ट यांनी.

निम्मा जोर भिंतीकडच्या बोल्टवर आणि निम्मा पुढच्या खांबांवर येतो असे धरू. पुढे दोनच खांब असतील तर प्रत्येकाला तीनशे किलोहून जास्त ओढ बसते. खांब फरशीवर प्लेट ठेवून चार खिळ्यांनी ठोकला तर तो काय टिकणार? खांबाखाली दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा भरला, तर त्याचे वजन साडेपाचशे किलोच्या आसपास भरते. मग भरवसा वाटतो. भिंतीकडे पट्टी अँकर बोल्टने काँक्रीटच्या बीममध्येच धरावी, विटांच्या सांध्यात किंवा गिलाव्यात धरू नये. मोठी शेड असेल, माडीवर छप्पर असेल किंवा दुकान अगदी किनाऱ्यावर असेल, तर इंजिनिअरकडून आराखडा करून घ्यावा. त्याची फी उडालेल्या छपरापेक्षा स्वस्तच पडते. उडालेला पत्रा रस्त्यावरच्या माणसाला लागला तर त्याची भरपाई पैशाने होत नाही.

दहा फुटांच्या उतारावर अर्धा मिलिमीटर पत्र्यासाठी चार आडवे पर्लिन घालावेत. कडेच्या ओळीत स्क्रू जास्त मारावेत, कारण वारा पत्रा कडेपासूनच सोलतो. स्क्रू पत्र्याच्या उंच नालीवर मारावा. खोलगट नालीतून पाणी वाहते, तिथे भोक पाडणे म्हणजे गळतीला आमंत्रण. स्क्रूखालचा रबरी वायसर चांगल्या प्रतीचा घ्यावा आणि तो चेपून फुटेल इतका आवळू नये.

पाणी आणि वीज

लोखंडी पत्र्याला पाच फुटांमागे एक फूट उतार द्यावा, म्हणजे दहा फूट पडवीला दोन फूट. पत्र्यावर पत्रा चढवताना उताराच्या दिशेने सहा इंच आणि बाजूने दीड ते दोन नाल्यांचा जोड घ्यावा. बाजूचा जोड पावसाळी वाऱ्याच्या विरुद्ध तोंडाचा असावा.

गळती बहुधा पत्र्यातून होत नाही, ती भिंत आणि पत्रा यांच्या सांध्यातून होते. तिथे नुसते सिमेंट थापले तर पत्रा तापून-निवून ते पहिल्याच वर्षी सुटते. भिंतीत इंचभर खाच मारावी, तिच्यात वाकवलेल्या पत्र्याची पट्टी घालावी, ती छपरावर सहा इंच उतरवावी आणि खाच सीलंटने भरावी. गवंडी आणि वेल्डर यांच्यात हे काम कोणाचे, यावरून ते राहून जाते. म्हणून ठरवतानाच कोण करणार ते पक्के करावे.

पुढे पन्हाळ जरूर लावावी. वीस बाय दहाच्या छपरावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर नऊशे लिटरहून अधिक पाणी एका तासात पुढे येते. पन्हाळ नसेल तर ते गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, शेजाऱ्याच्या ओट्यावर किंवा आपल्याच खांबाच्या पायात जाते. मराठवाड्यात वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस झाला तरी या छोट्या छपरावरून तेरा हजार लिटर पाणी मिळते. गाळून टाकीत घेतले तर धुण्या-पुसण्याला, कुलरला आणि झाडांना ते चांगले कामी येते.

विजेबाबत हयगय म्हणजे जिवाशी खेळ. दिव्याची किंवा पंख्याची वायर पत्र्याला किंवा पाईपला टेकली आणि तिचे आवरण घासले, तर सारे छप्पर करंट धरते. ओल्या पायाने खांबाला हात लावणारा माणूस वाचत नाही. वायर पाईपमधूनच न्यावी, लोखंडी सांगाड्याला अर्थिंग करावे आणि ३० मिलिॲम्पिअरचा करंट-गळती तोडणारा स्विच बसवावा.

परवानगी आणि शेजारी

पक्के खांब रोवून केलेले छप्पर हे बांधकामच समजले जाते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विनापरवाना बांधकामावर कारवाई होऊ शकते. महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीत आधी चौकशी करून लेखी परवानगी घ्यावी. भाड्याचे दुकान असेल तर मालकाची संमतीही लेखी घ्यावी आणि दुकान सोडताना छप्पर कोणाचे, हेही त्यात लिहून ठेवावे. सोसायटीतल्या गाळ्याला सोसायटीचे पत्र लागते.

रस्त्याची आणि गटाराची जागा आपली नसते. फूटभर पुढे आलेली वळचण आपल्याला किरकोळ वाटते, पण रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाची गाडी तेवढ्यासाठी अडते. आपल्या छपराचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडत असेल तर भांडण कोर्टात जाईपर्यंत थांबू नये. काम सुरू करण्यापूर्वीच शेजाऱ्याला बोलावून उतार कुठे आणि पाणी कुठे जाणार ते दाखवावे.

खर्चाचा हिशेब

केवळ चौरस फुटाचा भाव पाहून माल घेऊ नये. त्या भावाला टिकण्याच्या वर्षांनी भागावे. समजा, एक पत्रा शंभर रुपयांना पडला आणि आठ वर्षे टिकला, तर वर्षाला साडेबारा रुपये झाले. दुसरा एकशे चाळीसला पडला पण अठरा वर्षे टिकला, तर वर्षाला आठ रुपयेही होत नाहीत. त्यात पत्रा पुन्हा बदलण्याची मजुरी आणि त्या दिवसांत बंद राहिलेले काम मिळवले तर फरक आणखी वाढतो.

थोडक्यात निवड अशी करता येईल. विदर्भ, खानदेश, मराठवाड्याच्या उन्हात पांढरा लोखंडी पत्रा आणि त्याखाली चटया. किनाऱ्यालगत उंची मिळत असेल तर कौले, मिळत नसेल तर जाड थराचा पत्रा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा. ॲल्युमिनियमला मात्र स्टेनलेस स्क्रू वापरावेत. आगीचे काम असेल तिथे निव्वळ लोखंडी पत्रा. बारीक नजरेच्या कामाला एक-दोन पारदर्शक पट्ट्या. पश्चिमेचे तोंड असेल तर चिका किंवा जाळीचा उभा आडोसा.

हे काम एप्रिलच्या आत उरकावे. मे महिन्याच्या शेवटी सारेच धावतात, तेव्हा वेल्डर घाई करतो, दुकानदार उरलेला माल गळ्यात बांधतो आणि काँक्रीटला मुरायला वेळ मिळत नाही. खांबांचे ठोकळे भरल्यावर किमान आठवडाभर पाणी मारावे आणि मगच वर पत्रा चढवावा. पहिला पाऊस पडला की स्वतः पडवीत उभे राहून चारही कोपरे पाहावेत आणि जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करून ठेवावी, म्हणजे उघडीप मिळताच दुरुस्ती करता येते.